विमानातल्या दोन मुठी

गेल्या वर्षी गावात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि ‘विमान रंगवणारे आपले पेंटर’ या विषयावर अर्धा तास भाषण. भाषण करणारा पोरगा सांगत होता की मी विमानाच्या शेपटीवर गरुड काढला होता. मी गरुड काढला नव्हता. विमानाच्या बाहेरच्या अंगाला मी ब्रशसुद्धा लावला नव्हता. हे सांगण्यासाठी मी खुर्चीतून तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय, आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, “तुमचे रंगीत अनुभव लिहा.” लिहितो. पण मला जो अनुभव लिहायचा आहे तो रंगीत नाही. ज्या कामाबद्दल मला शाल मिळाली, त्याच कामापायी घोडनदी गावातल्या एका माणसाला लोक आयुष्यभर ‘विमान पाडणारा मिस्त्री’ म्हणत आले. त्यांचं नाव रशीदभाई. त्यांनी विमान पाडलं नाही. कुणी पाडलं हे ठाऊक असलेला मी एकटाच आता उरलो आहे, आणि माझंही वय झालं आहे.

आधी धंदा काय होता ते सांगतो. साठ सालाच्या पुढेमागे माझं दुकान घोडनदीच्या एसटी स्टँडजवळ होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, बैलगाडीच्या साट्यावर मोर, आणि निवडणूक आली की भिंतींवर चिन्हं. निवडणुकीच्या चिन्हांनी माझा हात तयार झाला. ज्याला अक्षर येत नाही त्याला लांबून, घाईत कळलं पाहिजे, एवढंच ते काम. सोपं वाटतं ना? करून बघा.

त्या काळात दौंडच्या बाजूला ऊस वाढला होता आणि त्यावर विमानातून औषध फवारण्याचं काम एका खाजगी कंपनीनं घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती कधीच बुडाली. माळावर दगड वेचून धावपट्टी केली होती, एक पत्र्याची शेड, एक तंबू आणि दोन लहान विमानं. विमान चालवायला हवाई दलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन होते, आणि इंजिनाची सगळी भिस्त रशीदभाईंवर. रशीदभाई आमच्या घोडनदीचेच. डिझेल पंप दुरुस्त करता करता ते विमानापर्यंत पोचले होते. त्यांनीच माझं नाव कॅप्टन साहेबांना सुचवलं.

मी न्हावऱ्यामार्गे एसटीनं गेलो. कॅप्टन साहेबांनी मला थेट विमानात बसवलं. समोर दोन दांडे, दोन्हीवर काळ्या गोल मुठी. अगदी सारख्या.

“डावा ओढला की काय होतं?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत, साहेब?”

“मलाही कधी कधी माहीत नसतं,” ते चिडून म्हणाले. “ह्या विमानात डावा दांडा फवारणीचा. त्या दुसऱ्या विमानात उजवा. दोन वेगळ्या कारखान्यांची विमानं. शहाण्यांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही.”

फवारणीचा दांडा ओढला की पंखाखालच्या नळीतून औषधाचा फवारा सुटतो. दुसऱ्या दांड्याचं काम वेगळं. इंजिन बंद पडलं, झाड समोर आलं, तर विमान हलकं करण्यासाठी औषधाची सगळी टाकी एका दमात खाली सोडायची. तो संकटातला दांडा. दांड्याखाली इंग्रजीत पितळी पट्टी होती, पण अक्षर मुंगीएवढं.

“उसाच्या तुऱ्यावरून मी चार हातांवर जातो. विमान थरथरतं, काच औषधानं माखते. तेव्हा मी वाचत बसू? मला वाचायचं नाही, पेंटर. मला दिसलं पाहिजे. डोळ्याच्या कोपऱ्यातून.”

मी म्हटलं, “दोन दिवसांत करून देतो.” दोन महिने लागले.

पहिल्या खेपेला मी फवारणीसाठी ढग आणि पावसाच्या सरी काढल्या. सुंदर काढल्या, निळ्याला पांढरी सावली देऊन. कार्ड करून घोडनदीच्या बाजारात नेलं. पहिला माणूस म्हणाला, “मेंढी.” दुसरा म्हणाला, “मेंढीच, पर आजारी हाय.” तिसऱ्यानं विचारलं, “ह्ये कुठल्या पक्षाचं?” त्या बाजारात मी कुठलंही चित्र दाखवलं की निम्मे लोक एवढंच विचारायचे. टाकी सोडायच्या दांड्यासाठी मी उघडी पेटी काढली, तर एक बाई म्हणाली, “चूल हाय.” एक मास्तर तर पंधरा मिनिटं कार्डाकडे बघून म्हणाले, “यात खोल अर्थ दिसतो.” मास्तर, खोल अर्थ नको होता हो! वरवरचा हवा होता.

वाट दाखवली ती रशीदभाईंनी. विमानाच्या पंखाखाली आडवे पडून ते नळीची तोंडं साफ करत होते. मी बाजूला बसून कपाळाला हात लावलेला.

“पेंटर, हितं ये. खाली वाकून बघ. काय दिसतंय?”

“नळी.”

“आन् नळीला दात. फनी हाय ही, फनी. बायका केस इचरत्यात ती. तू आभाळाकडं बघून मेंढ्या काढतोस, जरा खाली बघ की!”

मी फणी काढली. जाड काळी पट्टी आणि खाली सात दात. कार्ड दाखवलं की लोक क्षणात म्हणायचे, फणी. दातांची संख्या पाचावर आणली, आणखी लवकर ओळखायला लागले. तेव्हा मला कळलं की चिन्हात जेवढं कमी तेवढं बरं. आम्हा पाटी रंगवणाऱ्यांना हे फार जड जातं. आमची सगळी मिजास सावलीत, किनारीत आणि वेलबुट्टीत.

दुसरं चिन्ह केंदूरच्या एका आबांमुळे मिळालं. ते बाजाराला बैलगाडी घेऊन यायचे. रशीदभाईंची कल्पना अशी की विमान जसं थरथरतं तसं थरथरत चिन्ह बघायला हवं. म्हणून आम्ही आबांची गाडी घोड नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून पळवली. आबा गाडीत, आणि मी गाडीपुढं उलटा चालत चुटकी वाजेपर्यंत एकेक कार्ड दाखवतोय.

“पेंटर, आरं थांबीव की! दातं पडत्याल माजी!”

“आधी सांगा आबा, काय दिसलं?”

“आई दिसली माजी, सरगातली!”

कार्डावर सगळं ओतून देण्याचं काहीतरी हवं होतं, आणि मी पेटी, पोतं, टोपली असं सगळं काढून थकलो होतो. आबा उतरले, कंबर धरून म्हणाले, “सगळं वतायचं व्हय? मग घागर उलटी कर की. घागर उलटी केल्यावर आत काय ऱ्हातंय?”

उलटी घागर. गोल, जाड, तोंड खाली. फणी चपटी आणि दातेरी, घागर गोल आणि भरीव. एक दुसऱ्यासारखं कुठल्याही कोनातून दिसेना. मी नव्या पांढऱ्या मुठींवर काळ्या एनॅमलनं ती काढली आणि दोन्ही विमानांत रशीदभाईंनी आपल्या हातानं त्या बसवल्या. मुठी स्क्रूच्या होत्या, फिरवून निघायच्या. पण कंपनीचा नियम होता, विमानातला एक खिळासुद्धा मिस्त्रीशिवाय कुणी हलवायचा नाही. मिस्त्री मूठ बसवायचा, मग खाली वाकून दांडा ओढून बघायचा की चित्राप्रमाणे काम होतंय का, आणि मगच वहीत सही.

महिन्याभरानं कॅप्टन साहेब मला म्हणाले, “पेंटर, आता कुठल्या विमानात बसलोय हे मी लक्षात ठेवत नाही. तुझी फणी बघतो आणि ओढतो.”

एवढी मोठी शाबासकी मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. आणि तरीही खरं सांगायचं तर मला त्या चिन्हांची लाज वाटायची. पुण्यातल्या माझ्या उस्तादांकडे मी धंदा शिकलो होतो. त्यांचा एक जुना शागीर्द माळावर येऊन मुठी बघून गेला आणि हसत म्हणाला, “फणी आणि मडकं? दोन महिने हेच केलंस? हे तर कुंभाराचं पोरगंही काढेल.” ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

मग कंपनीनं ठरवलं की मोठ्या पाहुण्यांना बोलावून फवारणीचं प्रात्यक्षिक करायचं. कासुर्डीच्या बाजूच्या एका फडावर. मंडप, फेटे, हार. कॅप्टन साहेब चार दिवस पुण्याला गेले होते. कंपनीचे मॅनेजर साहेब विमानात डोकावले आणि मला हाक मारली.

“हे काय आहे?”

“घागर, साहेब. उलटी.”

“विमानात उलटं मडकं? तिरडीपुढचं? अहो, पाहुणे आत बसून फोटो काढणार आहेत! काढून टाका ते. काहीतरी मंगल करा. कलश करा. दोन्हीला कलश.”

मी नाही म्हणायला हवं होतं. दोन महिने बाजारात अपमान करून घेतलेला माणूस मी. कुणाला कळत नसलं तरी मला कळत होतं की दोन चिन्हं एकसारखी करणं म्हणजे चिन्हच पुसणं. पण मला आनंद झाला. कलश! मी त्याच दिवशी रशीदभाईंना एका विमानाच्या मुठी काढून ठेवायला सांगितल्या आणि कोऱ्या मुठींची जोडी दुकानात घेऊन आलो. खारीच्या केसांचा ब्रश काढला. तांबडा, सोनेरी, आंब्याची पानं, नारळ. एका कलशातून थेंब पडताहेत, ती फवारणी. दुसऱ्यातून धार पडतेय, ते टाकी सोडणं. एक कलश उजवीकडे कललेला, एक डावीकडे. सावली दिली, किनार दिली. काय जोड जमली होती म्हणून सांगू!

प्रात्यक्षिकाच्या सकाळी रशीदभाईंनी त्या मुठी माझ्या हातात बघितल्या. त्यांनी दोन्ही मुठी हातभर लांब धरल्या, डोळे बारीक केले.

“पेंटर, ही तर जुळी झाली.”

“एकात थेंब आहेत, एकात धार.”

“व्हय, पर त्ये हितनं दिसतंय. गाडीत बसून दिसंल का? आबाला बसवू का परत?” मग हसू आवरून म्हणाले, “ह्ये बघ, कॅप्टन साहेबांना आधी दाखव. न्हाई म्हनले तर जुन्या हायेत माज्याजवळ. आन् बसवायच्या येळंला मला हाक मार. तवर म्या औषध भरून घेतो.”

“दाखवतो. आणि हाक मारतो.”

“मारशील न्हवं?”

“मारतो म्हटलं ना!”

मी हाक मारली नाही. कॅप्टन साहेब अजून पोचायचे होते, आणि मला ठाऊक होतं की त्यांनी बघितलं तर पाच मिनिटांत फणी आणि घागर परत येणार. पाहुणे यायच्या आत बसवून टाकावं, एकदा फोटो निघाले की मग काय व्हायचं ते होऊ दे, असा हिशेब. रशीदभाई शेडमागे औषध कालवत होते. मी विमानात चढलो आणि मुठी बसवल्या, थेंबाची फवारणीच्या दांड्यावर, धारेची दुसऱ्यावर.

बसवून मागे रेललो आणि माझा विरस झाला. कलशांची तोंडं बाहेर गेली होती. एकमेकांकडे पाठ. उस्तादांनी आम्हाला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच: दाराच्या दोन बाजूंना हत्ती काढा, मोर काढा, सिंह काढा, तोंडं आत हवीत. जोडीनं एकमेकांना पाठ दाखवली की त्या दुकानात भांडण. चूक झाली की ते फूटपट्टीनं बोटांवर मारायचे.

मी दोन्ही मुठी काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. तोंडं समोरासमोर आली. जोड पूर्ण झाली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, ते मी साठ वर्षं आठवतो आहे. विमान नव्हतं, एवढं नक्की. दुकानाचं दार होतं.

कॅप्टन साहेब आले ते धावतच. मॅनेजर घाई करत होते, बँड वाजत होता. विमानात बसल्यावर त्यांचं मुठींकडे लक्ष गेलं आणि कपाळाला आठी पडली.

“हे काय?”

“पाहुण्यांसाठी साहेब, शुभ चिन्हं,” मॅनेजर ओरडून म्हणाले.

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “थेंब म्हणजे फवारणी ना, पेंटर?”

“होय साहेब.”

“नक्की?”

“नक्की.”

चित्रापुरतं ते खरंच होतं. त्यांनी मान डोलावली. मॅनेजरवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

रशीदभाई हात पुसत शेडमागून आले तोवर पंखा फिरायला लागला होता. त्यांनी मला लांबून हातानंच विचारलं: बसवल्या? मी मान डोलावली. त्यांनी विमानाकडे धाव घेतली, पण विमान सुटलं होतं.

कासुर्डीच्या फडावर विमान खाली आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फवारा सुटायच्या जागी विमानाच्या पोटातून पांढरट लोंढा पडला. फडाच्या कडेला, बाभळीखाली खुरपणीच्या पाच बाया बघत बसल्या होत्या, त्यांच्या अंगावर. एवढं वजन एकदम गेल्यावर विमान चेंडूसारखं वर उडालं, नाक आभाळाकडे, मग एका पंखावर कललं. कॅप्टन साहेबांनी ते कसंबसं सावरलं आणि पलीकडच्या नांगरलेल्या रानात टेकवलं. चाक मोडून विमान नाकावर उभं राहिलं. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्या हातानं त्यांनी पुन्हा विमान चालवलं नाही. बायांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. ओकाऱ्या, डोळ्यांची आग, पंधरा दिवस. पाचही वाचल्या. हे वाक्य लिहिताना मला अजून श्वास सोडावा लागतो.

चौकशीला अधिकारी आले. कॅप्टन साहेबांनी सांगितलं, थेंबाची मूठ ओढली. मुठी अदलाबदल झाल्याचं उघडच होतं. नियमाप्रमाणे मूठ बसवणार कोण? मिस्त्री. रशीदभाईंनी सांगितलं, “म्या बसवल्या न्हाईत.” अधिकाऱ्यांनी विचारलं, “मग कुणी?” रशीदभाईंनी मला बसवताना पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती.

अधिकारी मला म्हणाले, “तुम्ही पेंटर. तुम्ही मुठी रंगवल्या. पुढे?”

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हणालो, “रंगवून मिस्त्रींच्या हातात दिल्या.”

ते वाक्य अर्धं खरं होतं. दिल्या होत्याच की, बघायला. मी एवढ्यावर थांबलो. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मला तुरुंगाची भीती वाटली होती, धंदा बसण्याची वाटली होती, आणि सगळ्यात जास्त त्या जुन्या शागिर्दाच्या हसण्याची वाटली होती. रशीदभाईंना काढून टाकलं.

ते घोडनदीला परत आले आणि नगर रस्त्याला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. विमानाजवळ परत कुणी त्यांना उभं केलं नाही. चहाच्या टपरीवर पोरं आवाज द्यायची, “मिस्त्री, आमचा पंप उडवू नका बरं का!” मी तिथेच बसलेला असायचो. मला मात्र लोक विमानाचे पेंटर म्हणत होते. कंपनीनं पुन्हा फणी आणि घागर लावली. ती दोन्ही चिन्हं ज्यांच्यामुळे सुचली त्यांतले आबा केंदूरला परत गेले, आणि रशीदभाई टपरीवर टोमणे ऐकत राहिले. नाव माझं झालं.

एक दिवस रशीदभाई माझ्या दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता बोलणार.

“बोर्ड काढायचाय दुकानाचा.”

“काढतो की. काय काढू?”

“पंप काढ. सोपा. लांबनं कळंल असा.” मग दाराशी थांबून म्हणाले, “सावली नको. आन् जोड नको.”

मी बोर्ड काढला आणि नेऊन लावला. त्यांनी मोजून मजुरी दिली. मी नको म्हटलं तर म्हणाले, “कामाचं घे. बाकीचं न्हाई देनार म्या.” त्यानंतर वीस वर्षं आम्ही एकाच गावात होतो. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, आणि तेवढी एक गोष्ट आम्ही बोललो नाही. मी रोज उद्यावर ढकललं. मग एका सकाळी रशीदभाई गेले.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांच्या मुलीकडे गेलो. शमीम. तीही आता आजी झाली आहे. मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा मला हाकलून देईल.

“अब्बांना ठावं होतं, काका,” ती म्हणाली. “नाकावर पडलेलं विमान त्यांनीच खोललं ना. मुठीच्या आट्यांत रंग भरलेला. म्हनायचे, माझ्या हातची मूठ अशी घान नसती.”

“मग चौकशीत का सांगितलं नाही?”

“सांगितलं की आट्यांचं, तुमी आत यायच्या आधी. सायेब म्हनला, रंगाचं आमाला काय कळत न्हाई, पेंटरला इचारा.” तिनं माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. “आन् तुमाला इचारलं.”

मी चष्मा पुसत बसलो.

“ह्ये लई लांबलंय, काका,” ती शेवटी म्हणाली. “मेंढ्या, आबा, उस्ताद. लोक हसतील आन् इसरतील. अब्बांचं तेवढं नीट काढा. सोपं. लांबनं कळंल असं.”

संपादकांना माझी विनंती आहे की वरचं काही कापायचं असेल तर कापा, पण हे शेवटचं ठळक अक्षरात छापा. सावली नको, किनार नको.

त्या मुठी मी बसवल्या. रशीदभाईंनी नाही.